बाकीखाऊची शेपटी

खारूने बाकीखाऊचं तोंड पुन्हा एकदा पुसलं. पुसलं म्हणजे काय, दोन बोटांनी टॅबवर टिचकी मारली आणि तोंड गेलं. कागदावर खोडलं की डाग राहतो, रबराचा भुगा राहतो, आपण झटलो याला काहीतरी साक्ष राहते. इथे तसं नाही. सकाळभर घोटलेलं तोंड एका टिचकीत गेलं आणि त्याच्या जागी असं पांढरंशुभ्र उरलं, जणू तिथे कधी कोणी आलंच नव्हतं.

"गेला का?" खिडकीजवळच्या खुर्चीतून मावशीने विचारलं.

"गेला."

"बरं झालं. त्या तोंडाला तोंड म्हणवत नव्हतं."

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती पेन्सिलींचे तुकडे गालात धरून बसायची, म्हणून मावशीने ठेवलेलं. आता केसांत पांढरं दिसायला लागलं, चष्मा दुहेरी भिंगांचा झाला, तरी घरात ती खारूच.

शिकली होती ती जीवशास्त्र. पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, माशाचे कल्ले. आकृतीतला बाण केसभर सरकला तर अख्खी तुकडी जठराला यकृत म्हणत मोठी होते, म्हणून डोळ्यांत तेल घालून काम करायचं. ती सवय अंगात मुरली. आता ती मुलांच्या पुस्तकांसाठी नसलेले प्राणी काढायची, पण त्यांचाही आधी सांगाडा काढायची. उडणाऱ्या सशाला पंख लावायचे तर ते ओढणारे स्नायू अडकवायचे कुठे, यावर तिने एकदा आठवडा घालवला होता. "ससा उडतो हे मुलं मान्य करतात," ती म्हणायची, "उडून दमत नाही म्हटलं तर नाही करत."

बाकीखाऊ मात्र तिच्या सगळ्या प्राण्यांत जुना, आणि तो तिचा नव्हताच. तो मावशीचा.

आईवडिलांच्या बदलीच्या नोकऱ्या होत्या, म्हणून शाळेची सगळी वर्षं खारू मावशीकडे राहिली. मावशी शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर हातानेच असं वर्तुळ काढायची की कंपास लाजावा. आणि तिच्याच घरात ही भाची भागाकाराला बसली की रडायची. गणित येत नव्हतं म्हणून नव्हे. सतराला पाचाने भागलं की दोन उरतात, त्या दोनांचं पुढे काय होतं, हे तिला कोणी सांगत नव्हतं म्हणून. उत्तराच्या कडेला बिचारे दोन तसेच उभे. शेवटी एकदा मावशी वैतागून म्हणाली, "त्यांना बाकीखाऊ खातो. माळ्यावर राहतो. आता पुढचं गणित कर." त्या दिवसापासून खारूचं रडं थांबलं. बाकीखाऊला साळिंदरासारखं काटेरी नाक होतं, वाटोळं पोट होतं, आणि पट्टीसारखी सरळसोट शेपटी होती, कारण खाण्याआधी तो बाकी मोजून घ्यायचा. फसवणूक नको.

आता बाकीखाऊचं पुस्तक निघणार होतं. मजकूर झाला होता, बाकीची पानं झाली होती. राहिलं होतं ते मधलं जोडपान, ज्यावर बाकीखाऊ पहिल्यांदा पुरता दिसतो. खारूने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. मावशी "हाच तो" म्हणेपर्यंत ते पान घराबाहेर जाणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत दुसऱ्यांचे प्राणी काढले. हे एक पुस्तक मावशीच्या हातात द्यायचं आणि तिने तिचा प्राणी ओळखायचा, एवढीच इच्छा.

आणि मावशी काही म्हणत नव्हती.

"कसा वाटतो?" खारू टॅब पुढे धरायची. मावशी तो लांब धरायची, जवळ आणायची, मान वाकडी करायची.

"चेहरा कुठाय याचा?"

"हा काय!"

"विरलाय गं. मधे सगळं पाणी मारल्यासारखं."

मग खारू चित्र मोठं करून, आणखी मोठं करून, नाकाचा एकेक काटा घासायची. टॅबवर हे एक भुरळ घालणारं सुख असतं. चित्र हवं तेवढं जवळ आणा, डोळ्याच्या बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब काढा, त्या खिडकीत गज काढा. मग चित्र मूळ मापाचं केलं की खिडकी टाचणीच्या टोकाएवढीही उरत नाही, पण ती तिथे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. असे थरांवर थर चढत गेले. एका थरावर काटे, एकावर सावल्या, एकावर मिश्या. बाकीखाऊचं तोंड भरत भरत इतकं भरलं की त्यात माशी शिरली असती तर तिला परतायची वाट सापडली नसती.

"अजून विरलाय," मावशी म्हणायची.

शेपटीचं तसंच. "पट्टीसारखी सांगितली होती. ही वाकडी आहे."

"सरळ आहे गं मावशी."

"मला भूमिती शिकवतेस? मधे पोक आलंय."

खारूने टॅब तिरका धरून पाहिलं. शेपटी सरळ होती. पण वाटोळ्या पोटाशेजारी सरळ रेषा ठेवली की ती वाकल्याचा भास होतो, हे तिला माहीत होतं. खांब सरळ दिसावेत म्हणून जुने लोक ते मुद्दाम थोडे फुगवून बांधायचे, हेही तिने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे मावशीची नजर अजून किती बारीक आहे बघा, असं म्हणून तिने कौतुकाने शेपटी पोकाच्या उलट बाजूला वाकवली. थोडी. मग आणखी थोडी.

"आता जरा बरी," मावशी म्हणाली, आणि खारूला परीक्षेत मार्क मिळाल्यासारखं झालं.

महिनाअखेरीला छपाई होती. संपादकताईंचा फोन रोज यायला लागला. त्या स्वभावाने चांगल्या, पण बोलणं आगगाडीचं.

"झालं का? नाही ना? मग असं कर, त्या नव्या मशीनला सांग. नुसते शब्द घालायचे. साळिंदराचं नाक, पट्टीची शेपटी. क्षणात ढीगभर देतं. त्यातला एक उचल आणि डागडुजी कर."

"करून पाहिलं," खारू म्हणाली. तिने खरंच करून पाहिलं होतं. यंत्राचा तिला राग नव्हता, उलट ते कसं चालत असेल याचं कुतूहल होतं. यंत्राने ढीगभर बाकीखाऊ दिले. सगळे देखणे, सगळ्यांचे डोळे ओले आणि टपोरे, सगळे कॅमेऱ्यासाठी हसल्यासारखे. एकाला पाच पाय होते, तो तिला जरा आवडला.

"मग?"

"त्यातला एकही उपाशी दिसत नाही हो ताई."

"तू ना, जेवून घे आधी," संपादकताई म्हणाल्या.

संध्याकाळी खारूने हे मावशीला सांगितलं तेव्हा मावशी खूप हसली. मग म्हणाली, "पण त्यांचं काही खोटं नाही. माझ्यापायी अडून बसू नकोस. पाठव जा."

"तुला पसंत नाही ना पण."

"मला हल्ली काहीच पसंत पडत नाही. वर्तमानपत्रातली कोडीसुद्धा सोडली. पोरकट झालीयेत."

खारूने मान डोलावली. कोडी पोरकट झाली असतील, तिला कुठे वेळ होता बघायला.

दुसऱ्या दिवशी तिने नवा उपाय काढला. प्रमाणात काहीतरी चुकत असणार. डोकं पोटाच्या मानाने मोठं झालं असेल. म्हणून तिने चित्रावर मापाच्या चौकटी चालू केल्या. टॅबमध्ये ती सोय असते. एक बटण दाबलं की चित्रावर आलेखाच्या कागदासारखी बारीक जाळी येते, काम झालं की बंद करायची, छपाईत ती येत नाही. खारूने डोकं मोजलं, पोट मोजलं, एक कान दोन चौकटी खाली आणला, आणि दुपारच्या चहाबरोबर टॅब मावशीच्या मांडीवर ठेवला. जाळी बंद करायची राहिली.

मावशीने चहाचा घोट घेतला. चित्राकडे पाहिलं.

"अगंबाई! पिंजऱ्यात घातलंस का त्याला?"

"जाळी राहिली वाटतं. थांब, काढते."

"राहू दे, राहू दे. छान दिसतेय. गणिताच्या वहीत बसल्यासारखा." मावशी खूश होती. "फक्त तोंडापाशी कशाला वाकवलीस? बाकी सगळी कशी सरळ, आणि तिथेच उंदराने कुरतडल्यासारखी."

खारूचा हात कपाच्या कानाशी थांबला.

शेपटी तिने हाताने काढली होती. ती वाकडी असू शकत होती. तोंड तिने काढलं होतं, ते विरलेलं असू शकत होतं. जाळी तिने काढली नव्हती. ती यंत्राची होती, आणि कोणी लाख म्हटलं तरी तिच्यातली एक रेघ वाकवायची सोय त्या टॅबमध्ये नव्हती.

"कुठे वाकलीये, मावशी? बोट ठेव बरं."

मावशीने बोट ठेवलं. मग ते उचललं आणि जरा डावीकडे ठेवलं. मग खाली. "हे काय... आता इकडे वाकली. जिथे बघावं तिथे वाकतेय मेली. पाटी बिघडली तुझी."

"पाटी नाही बिघडली," खारू म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवून. तिने टॅब घेतला, बाकीखाऊचे सगळे थर झाकले, नुसती जाळी ठेवली आणि मधोमध एक ठळक काळा ठिपका दिला. डोळे तपासायचं असंच एक चित्र तिने पूर्वी एका डॉक्टरीच्या पुस्तकासाठी काढलं होतं. चौकटींची जाळी, मधे ठिपका, खाली दोन ओळी. ते काढायला अर्धा तास लागला होता आणि त्यानंतर ती ते विसरून गेली होती. "डावा डोळा झाक."

मावशीचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. सगळा कारभार उजव्यावर. तिने तळहाताने डावा झाकला.

"ठिपका दिसतो?"

मावशी बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"ठिपका काढलाच नाहीस तू," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात ते विधान नव्हतं, प्रश्न होता.

"कधीपासून, मावशी?"

"काय कधीपासून?"

"मावशी."

मावशीने हात खाली घेतला आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "वर्तमानपत्राच्या ओळी पोहायला लागल्या थोड्या दिवसांपूर्वी. म्हटलं, छपाई वाईट. मग तुझा चेहरा दारातून आला की मधे जरा... म्हटलं, उजेड वाईट. आता वयच आहे गं. तू त्या पुस्तकात बुडालेली. त्यात माझं कुठे रडगाणं?"

"म्हणून म्हणत होतीस का, चेहरा विरलाय?"

"विरलेलाच दिसायचा! खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चित्रकार म्हणून तुझं काहीतरी चाललंय. हल्ली विरलेलं काढतात."

खारूला हसू आलं आणि तिने मावशीच्या हातातला कप काढून खाली ठेवला. "चल, ऊठ."

"कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"बघू उद्या-परवा."

"आत्ता. साडी राहू दे ती, चांगली आहे."

"इस्त्री नाहीये तिला."

"डॉक्टर डोळे बघणार आहेत, साडी नाही."

डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिने थेंब घातले, मावशीची हनुवटी यंत्रावर टेकवली, हिरव्या ठिणगीकडे बघायला सांगितलं. मग पडद्यावर डोळ्याच्या मागच्या पडद्याचा छेद उमटला. खारूने तो बघताक्षणी ओळखला. थरांवर थर, एकाखाली एक, अगदी नीट. फक्त मधोमध ते थर उचलले गेले होते आणि खाली काळा फुगा होता. अंथरुणाखाली उशी राहिली की चादर उचलली जाते तसा.

"इथे पाणी साचलंय," डॉक्टरीण म्हणाली. "मागे कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्यात आणि गळतायत. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, दर महिन्याला एक, काही महिने. गळती थांबेल. गेलेलं किती परत येईल ते आज सांगता येत नाही. पण अजून उशीर केला असतात तर परत यायला काही उरलं नसतं."

"डोळ्यात म्हणजे डोळ्यातच?" मावशीने विचारलं.

"हो आजी. बधिर करून. कळणार नाही."

"मी आजी नाही, बाई आहे. अर्ध्या गावाला भागाकार शिकवलाय."

डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. "बरं, बाई. तुमच्या लक्षात कसं आलं हे? लोक फार उशिरा येतात."

मावशीने खारूकडे पाहिलं, म्हणजे खारूच्या जरा बाजूला पाहिलं. "बाकीखाऊमुळे," ती म्हणाली. मग तो कोण ते डॉक्टरणीला सांगत बसली, आणि बाहेर पेशंट खोळंबले तरी डॉक्टरणीने ऐकून घेतलं.

घरी येऊन खारूने संपादकताईंना फोन केला. या वेळी आगगाडी एकदम थांबली. "पुस्तक पुढच्या खेपेला छापू," त्या म्हणाल्या. "मावशींना सांग, त्यांच्याशिवाय पान लागणार नाही. आणि तू जेवलीस का?"

पुढचे काही महिने खारूने टॅब उघडला नाही. ती थेंब घालायची. मावशी "घाल घाल, समुद्र कर डोळ्याचा" म्हणायची. रात्रीची भांडी घासताना खारूला एकच गोष्ट टोचायची. माणूस काय सांगतंय ते तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द नेऊन चित्राला लावला होता. बेडकाने असं काही सांगितलं असतं तर तिने आधी बेडूक तपासला असता.

पहिल्या इंजेक्शनानंतर फरक पडला नाही. दुसऱ्यानंतर मावशी म्हणाली, दाराची चौकट जरा शुद्धीवर आलीये. तिसरं झालं आणि एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "आण तो तुझा प्राणी. बघू किती विरलाय."

खारूने टॅब दिला. जाळी नाही, काही नाही, नुसता बाकीखाऊ. मावशीने डावा डोळा झाकला. मान किंचित तिरकी केली, मधला डाग बाजूला सारून बघायचं तिला आता जमायला लागलं होतं. आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय ध्यान आहे?"

"का?"

"शेपटी विळ्यासारखी वाकडी! आणि तोंडावर केवढी ही गर्दी. याला नाक आहे की काटेरी झुडूप? खारू, हे तू काढलंस?"

"तूच सांगितलंस गं!" खारू ओरडली, आणि तिला एवढा आनंद झाला की तिने मावशीच्या खांद्याला मिठीच मारली. शेपटी वाकडी होती. खरोखर वाकडी होती, आणि मावशीला ती जशी होती तशी दिसली होती.

"सोड, सोड, पाटी पडेल. हे दुरुस्त होतं का?"

"होतं ना. मी थर एकेक करून उचलते. तुला बरं वाटलं की थांब म्हण."

मिश्या गेल्या. सावल्या गेल्या. बुबुळातली खिडकी गेली, गजांसकट. काट्यांचे थर एकामागून एक गेले. शेपटी खारूने पट्टीचं हत्यार लावून एका रेघेत सरळ ओढली. मावशी बघत होती. मधे एकदा म्हणाली, "हळू." खारूने वेग कमी केला. आधी ती चित्र दाखवून लगेच "कसा?" विचारायची. आता तिने काही विचारलं नाही.

"थांब."

बाकीखाऊ आता बराच हडकला होता. थोडेसे काटे, दोन साधे डोळे, त्यातला एक दुसऱ्याहून लहान. ती चूक कुठल्यातरी मधल्या दिवसाची होती, नंतरच्या थरांखाली झाकली गेलेली. खारूचा हात ती दुरुस्त करायला पुढे गेला.

"राहू दे तो डोळा," मावशी म्हणाली. "हिशेब करताना माणूस एक डोळा बारीक करतो."

"म्हणजे हाच तो?"

मावशी खुर्चीत मागे टेकली. "मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"अगं, मी कुठे पाहिलाय त्याला? तू रडायची थांबावीस म्हणून मी म्हटलं, बाकीखाऊ खातो. नाक कसं, शेपटी कशी, ते सगळं तू विचारायचीस आणि तूच सांगायचीस. मी पेपर तपासता तपासता हो म्हणायचे."

"पट्टीची शेपटीसुद्धा?"

"तीसुद्धा तुझीच. मी म्हटलं, हुशार आहे पोर."

खारू तिच्याकडे बघत राहिली. मग टॅबकडे. बाकीखाऊ एक डोळा बारीक करून बसला होता आणि त्याला यातलं काही नवीन वाटलेलं दिसत नव्हतं.

"मग इतके दिवस मी तुला कशासाठी दाखवत होते?"

"ते तू जाण. मला आवडायचं. रोज दुपारी कोणीतरी काहीतरी दाखवायला आणतंय, कोणाला नको असतं?" मावशीने बोटाने पडद्यावरचं पोट हलकेच ठोकलं, कलिंगड ठोकून बघावं तसं. "पण हा बसलाय चांगला. उपाशीही दिसतोय. पाठव आता."

खारूने फाईल पाठवली. संपादकताईंना चार शब्द लिहायला घेतले, तेव्हा मावशी पुढे वाकली.

"आणि त्यांना लिही, बाकीखाऊ पानभर मोठा छापा म्हणावं." ती जरा थांबली. "मला मधलं तेवढं अजून कमी दिसतं."